आधी वैराग, अण्णा

अण्णा, परवा भाऊबीज झाली. सकाळपासून गल्लीतल्या दोघी-तिघी येऊन मला सांगून गेल्या, "आता काय, परत चंद्राला ओवाळ. ज्यांना भाऊ नाही त्यांचा तोच भाऊ." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, की चंद्रावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही म्हणून.

तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा आपण त्यावरूनच भांडलो होतो. शांतावहिनी चहा घेऊन आली तेव्हा तू तिला म्हणालास, "हिला सांग, त्या दिवशी चंद्र कधीच बुडाला होता." मी म्हटलं, "नव्हता बुडाला. तुझ्या उजव्या कानामागं होता." वहिनीनं कप ठेवले आणि ती आत निघून गेली. लग्न होऊन आल्यापासून बिचारी हेच ऐकत होती.

आता तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा मी एकदाचं सगळं नीट सांगून घेते.

सोलापुरात शुक्रवार पेठेत आपण एकाच इमारतीत भाड्यानं राहत होतो. तुम्ही खाली, आम्ही वर. माझे वडील मोहोळकडून गिरणीत कामाला आलेले, आणि मी त्यांची एकुलती एक. भाऊ नाही म्हणून दर भाऊबीजेला आई मला गच्चीवर न्यायची आणि चंद्राला ओवाळायला लावायची. बीजेचा चंद्र तो, कापून टाकलेल्या नखासारखा. दिवस मावळला की जरा वेळ दिसतो आणि बुडतो. त्यामुळं आईची लई घाई. "ओवाळ गं बया लवकर, न्हायतर वरीसभर बिनभावाची ऱ्हाशील."

त्या वर्षी तुमच्याकडं नवा टीव्ही आला होता आणि तू अँटेना फिरवायला गच्चीवर आला होतास. खालून तुझे वडील ओरडत होते, "आलं... आलं... गेलं!" मी चंद्राला हात जोडले, डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांनीच ताट ओवाळलं आणि कुंकू-अक्षता समोर उधळल्या. डोळे उघडते तर चंद्राच्या जागी तू. नुकतं मिसरूड फुटलेलं, लुंगी वर खोचलेली, नाकावर कुंकू आणि तोंडात तांदूळ.

"काय करलालीस गं?" तू तांदूळ थुंकत म्हणालास. तेवढ्यात खालून तुझ्या वडिलांचा आवाज आला, "हां! आता एकदम झकास दिसलालंय! हलू नको तिथनं!"

आणि तू हललाच नाहीस.

आई म्हणाली, "पोरा, सरक की रं बाजूला. पोरीला चंद्र दिसंना झालाय."

"काकू, सरकलो तर बातम्या जातेत. बाबा मारतील मला."

बातम्या संपेपर्यंत तू अँटेनाची दांडी धरून उभा राहिलास आणि आम्ही मायलेकी ताट धरून उभ्या राहिलो. निरांजन दोनदा विझलं. बातम्या संपल्या, तू बाजूला झालास, तेव्हा आभाळात काही नव्हतं. आई रडकुंडीला आली. मग गडबड ऐकून तुझी आई वर आली. तिनं तुझं कुंकवाचं नाक बघितलं, माझं ताट बघितलं आणि निकाल देऊन टाकला. "ओवाळलं की नाही? झालं तर मग. देवानं ताटासमोर आणून उभा केलाय, आता परत कशाला? मल्लू, ओवाळणी घाल तिला."

तू खिसे चाचपलेस. खिशात काही नव्हतं. मग हातातली पक्कड तू माझ्या ताटात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत मागायला आलास. मी दिली नाही.

तर असा तू माझा भाऊ झालास. दुसऱ्या दिवसापासून तू मला "तंगी" म्हणून हाक मारायला लागलास. तुमच्या कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, हे आमच्या घरात कुणाला माहीत! जिन्याखालून तू ओरडायचास, "काकू, तंगी आहे का घरात?" आणि माझी आई लाटणं घेऊन बाहेर. "तंगी आसंल तुमच्या घरात! आमचं सगळं ब्येस चाललंय!" वडिलांना तर वाटलं, आपण गिरणीतून उचल घेतल्याचं कुणीतरी तुमच्या कानावर घातलंय. शेवटी तुझ्या आईनं वर येऊन समजावलं तेव्हा मिटलं. पण तोवर बातमी गल्लीत पसरली होती. पुढं कितीतरी दिवस वाणी आम्हाला उधार द्यायला कचरत होता.

तुमचं भांड्यांचं दुकान वडिलांकडून तुझ्याकडं आलं, आणि माझ्या घरात भांड्यांचा पूर सुरू झाला. बाकीच्या बहिणींना साड्या मिळत. मला तुझ्या दुकानात जे खपत नव्हतं ते मिळायचं. चौघांच्या घराला अख्ख्या वऱ्हाडाचं वरण शिजेल एवढं पातेलं. झाकण नसलेला डबा. डबा नसलेलं झाकण. एकदा इडलीचं असं पात्र आणलंस की ते माझ्या कुठल्याच शेगडीवर बसेना. "हे कशाला आणलंस?" असं विचारलं की तू दुखावून म्हणायचास, "नाव कोरलंय त्यावर." नाव तू स्वतः कोरायचास, त्या घर्रर्र करणाऱ्या यंत्रानं, जीभ बाहेर काढून. माझ्या घरात मंगल आहे, मगल आहे, मंगला आहे, आणि एका पळीवर नुसतंच "मं" आहे, कारण मध्येच वीज गेली होती.

माझ्या लग्नात भावाचा मान तुझाच होता. कानपिळीच्या वेळी तू आमच्या ह्यांचा कान असा पिळलास की भटजी मंत्र थांबवून बघत राहिले. वर तू ह्यांना म्हणालास, "हे नुसतं ट्रेलर हाय, दाजी." हे अजून सांगतात की थंडीत तो कान दुखतो म्हणून. मी सांगते, थंडी सोलापुरात असतेच कुठं.

पण अण्णा, ह्यांनी तुला त्या कानासाठी केव्हाच माफ केलं होतं. ह्यांची चिंचोळी एमआयडीसीतली कंपनी बंद पडली, तेव्हाचं मी विसरलेले नाही. हे दिवसदिवस भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. येणारे-जाणारे धीर देऊन जायचे, आणि धीर दिला की हे आणखी भिंतीकडं सरकायचे. एका सकाळी तू आलास, चप्पल न काढता सरळ खाटेपाशी गेलास आणि म्हणालास, "दाजी, माझ्या दुकानात झाकणं लई झालीत आणि डब्यांची झालीय सरमिसळ. जुळवायला माणूस न्हाई. छत बघण्यापरीस झाकणं बघा." हे गेले. रोज जायला लागले. संध्याकाळी येऊन मला सांगायचे, आज मोठ्या डब्यांचं जमलं, उद्या तांबे घेतो. नवी नोकरी लागेपर्यंत ह्यांनी तुझ्या दुकानातलं एकूण एक झाकण जुळवलं. पुढं वहिनीनं सांगितलं, की रोज रात्री दुकान बंद करताना तू ती पुन्हा मिसळून ठेवायचास.

वहिनीनंच मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिथून वैरागचं प्रकरण सुरू झालं.

तू भाऊबीजेला माझ्याकडं सकाळी सकाळीच यायचास. पहिली बरीच वर्षं तासाभरात ओवाळून घेऊन जायचास. मग हळूहळू तुझा मुक्काम वाढला. दुपारी जेवायचास, झोपायचास, उठून चहा प्यायचास, पुन्हा झोपायचास. दिवस मावळला की जायचास. मला वाटायचं, भावाची माया वाढलीय. मी वहिनीला तसं म्हटलं तर ती हसली.

"माया कसली डोंबलाची! वैरागला जायचं टळावं म्हणून तुमच्याकडं ठिय्या मारून बसतेत ते. सख्खी बहीण हाय की वैरागला. गौराक्का. ह्यांच्यापेक्षा थोरली."

तुला सख्खी बहीण आहे हे मला माहीत होतं, पण ती "तिकडं लांब" असते, एवढंच तू सांगायचास. वैराग असं किती लांब, अण्णा? सकाळी एसटीत बसलं तर माणूस दुपारच्या जेवणाला परत येतो.

भांडणाचं कारण वहिनीनं सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं. गौराक्काच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत मामा म्हणून तुझं नाव छापलं होतं, पण एका लांबच्या चुलत मामाच्या खाली. सख्खा मामा चुलत मामाच्या खाली! तू मांडवात गेलास, तिथं पहिल्यांदा पत्रिका बघितलीस, आहेराची टॉवेल-टोपी खुर्चीवर ठेवलीस आणि न जेवता परत आलास. गौराक्काला कळलं तेव्हा पंगती उठल्या होत्या. ती म्हणाली, माझ्या दारातनं उपाशी गेला, आता मी त्याच्या दारात पाणी पिणार न्हाय. आणि तू म्हणालास, पाणी विचारतंय कोण.

"मागं अक्कांचं बार्शीला पोटाचं ऑपरेशन झालं," वहिनी म्हणाली. "हे घरात नुसते फिरत हुते. वैरागचं कुणी दुकानात आलं की भांडं दाखवायचं सोडून विचारायचे, काय म्हणते तुमच्याकडची हवा? हवा! पण फोन उचलून विचारलं न्हाई."

मला हसू यायचं थांबलं. ज्या बाईला भाऊ नव्हता, तिला अँटेनाच्या कृपेनं मिळाला. आणि जिला होता, ती वैरागला भाऊबीजेच्या दिवशी दाराकडं बघत बसते.

ती भाऊबीज तुला आठवत असेलच. मी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. तू टोपी घालून बसलास. मी ताट घेऊन आले आणि तुझ्यासमोर उभी राहिले.

"ओवाळ की," तू म्हणालास.

"आधी वैराग."

"काय?"

"आधी वैरागला जाऊन ये. मग मी ओवाळते."

तू माझ्याकडं बघितलंस, स्वयंपाकघराकडं बघितलंस. शेंगापोळीचा वास येत होता. "शांतीनं सांगितलं व्हय? मी न्हाई जाणार. हितंच बसतो."

"बस."

आणि तू बसलास. टोपी घालून, मांडी घालून, पाटावर. आमचे हे दोनदा येऊन बघून गेले. मुलं जेवली, हे जेवले, मी जेवले. तुझ्यासमोरूनच शेंगापोळीचं ताट नेलं, तूप जरा जास्तच घातलं होतं. तुझ्या पायाला मुंग्या आल्या तेव्हा तू पाटावरच पाय लांब केलेस, पण उठला नाहीस. शेवटी म्हणालास, "मी गेलो आणि तिनं दार लावून घेतलं तर?"

एवढा वेळ मला वाटत होतं तू अडून बसलायस. तू घाबरला होतास, अण्णा.

"मी येते बरोबर," मी म्हटलं.

"मग ठीक हाय. दुकान बघून येतो जरा."

रिक्षा दुकानापाशी थांबवली. तू आत गेलास आणि लगेच एक भलंमोठं तांब्याचं घंगाळ उचलून बाहेर आलास. त्यावर "गौराक्कास सप्रेम" असं कोरलेलं होतं. सगळी अक्षरं बरोबर. तुला एक नाव कोरायला किती वेळ लागतो हे मला माहीत होतं. मी सरकून घंगाळाला जागा केली.

भाऊबीजेची एसटी म्हणजे काय सांगावं. अर्धा जिल्हा बहिणीकडं निघालेला. मला अर्धं तिकीट आणि तुला पूर्ण, याचाच तुला राग आला. "सण भावाचा, सवलत बहिणीला." त्यात कंडक्टरनं घंगाळाकडं बोट दाखवलं. "काका, ह्याचं तिकीट काढावं लागंल."

"ह्याला कसलं तिकीट? मांडीवर हाय."

"मांडीवर लेकरू आसतं, काका. ह्यात तीन लेकरं बसतील."

तुम्हा दोघांचं होईपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या एका बाईनं आपली छोटी मुलगी खरोखरच त्या घंगाळात बसवली आणि "जरा धरा हां, दादा" म्हणून मोकळी झाली. ती पोर वैरागपर्यंत त्यात झोपली. तू रस्ताभर खड्डा आला की घंगाळ वर उचलत होतास.

गौराक्का दारात शेंगा फोडत बसली होती. तुझ्या लग्नात ओझरती बघितली होती तेवढीच, पण ओळखायला वेळ लागला नाही. तुझंच नाक. तिनं तुझ्याकडं बघितलंच नाही. एवढं घंगाळ घेतलेला माणूस समोर उभा असताना न बघणं सोपं नाही. तिनं मला विचारलं, "कोण पायजे?"

"गौराक्का ना? मी मंगल. मल्लूअण्णाची बहीण."

"आस्सं. मल्लूअण्णाची बहीण." तिनं एक शेंग फोडली. "मग मी कोण? भाडेकरू?"

ओट्यावर तिचे यजमान, म्हणजे तुझे थोरले दाजी, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर आणखी वर धरला.

"मंगे, हिला सांग," तू म्हणालास, "मी आलो न्हाई. मला आणलंय."

"बाई, त्येला सांगा, आणलंय तसं परत न्या. आन् भांडी इकायची आसतील तर बाजारात बसा म्हणावं. हितं गिऱ्हाईक न्हाय."

"हिला सांग, हे इकायचं न्हाई. ह्याच्यावर नाव हाय."

"त्येला इचारा, कुणाच्या खाली हाय?"

मी त्या उन्हात तुमच्या मधे उभी. तुम्हा दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं आणि तरी मला प्रत्येक वाक्य पोचवावं लागत होतं. शेवटी मी म्हटलं, "अक्का, मला पाणी मिळेल का?" ती उठली. लंगडत आत गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं. परत बसायला वळली आणि वळता वळता, तुझ्याकडं न बघता, भिंतीला म्हणाली, "ऊटा आतेनु?"

तेवढं कानडी मला तुझ्या आईकडून येत होतं. जेवण झालं का, असं विचारत होती.

तू घंगाळ या कुशीवरून त्या कुशीवर घेतलंस. मग तू म्हणालास, "इल्ला."

नाही. लग्नाच्या मांडवातून उपाशी उठून गेलेल्या माणसाला इतक्या वर्षांनी विचारलेला प्रश्न होता तो, आणि उत्तरही त्याच दिवसाचं होतं.

"मग बस की," गौराक्का म्हणाली. "उभा काय ऱ्हायलास घंगाळ धरून, वाजंत्र्यावानी."

तू किती भाकऱ्या खाल्ल्यास हे मी मोजलं नाही, पण गौराक्कानं पिठाचा डबा दोनदा काढला. जेवताना पत्रिकेचा विषय निघालाच. ती म्हणाली, "छापणाऱ्यानं घोळ घातला. मी बघितलीच न्हाय छापायच्या आधी. माझा चष्मा फुटला हुता."

"मग त्याच दिवशी सांगायचं."

"जेवाया थांबला आसतास तर सांगितलं आसतं."

तू खाली बघून भाकरी मोडायला लागलास. मी तुला चाळीस वर्षांत पहिल्यांदा वादात हरताना बघितलं. दाजींनीही बघितलं असावं, कारण पेपर खाली आला.

मग ओवाळायचं ठरलं. आता आधी कुणी? ती म्हणाली, "मी थोरली." मी म्हटलं, "सकाळपासून ताट माझं तयार आहे." तू म्हणालास, "दोघी एकदम ओवाळा आणि मिटवा." म्हणून आम्ही दोघी दोन बाजूंनी दोन निरांजनं घेऊन उभ्या राहिलो. गौराक्काला डोळ्यांत पाणी आल्यामुळं दिसत नव्हतं आणि मला ती दिसत नव्हती. तू मध्ये ओरडत होतास, "अगं, वांग्यासारखं भाजलालाव मला दोन्हीकडनं!" टोपीची कड खरंच जळाली. दाजींनी पेपरनं विझवली. एवढ्या दिवसांत पेपरचा तेवढाच उपयोग झाला, असं गौराक्का म्हणाली.

त्यानंतर तुझे हाल सुरू झाले. गौराक्काचे आणि माझे रोज फोन. तू काय खाल्लंस, डॉक्टरनं काय सांगितलं, तू तिला काय थाप मारलीस आणि मला कुठली, सगळं आम्ही ताडून बघायचो. "एक होती तवा बरं होतं," तू वहिनीला म्हणायचास, "आता दोन पोलीस ठाणी झालीत." पण भाऊबीजेला पहाटे पहिली एसटी धरून वैराग, आणि दुपारी माझ्याकडं. नागपंचमीला तर तू स्वतः जाऊन तिला माहेरी घेऊन यायचास. साठीची बहीण, आणि तू तिची पिशवी खांद्याला लावून पुढं चालायचास. रस्त्यात भेटेल त्याला सांगायचास, "बहिणीला आणायला गेलतो."

नवरात्र उतरलं आणि तू गेलास. दुकानात जेवून बाकावर आडवा झालास. तुझं दुपारचं घोरणं सगळ्या बाजाराला माहीत. ते थांबलं, म्हणून शेजारचा दुकानदार बघायला आला.

आमच्यात माणसाला आडवं ठेवतात. तुमच्या लिंगायतांत बसवतात. मला हे माहीत होतं, पण तुला तसं बघायची माझी तयारी नव्हती. विभूती लावलेली, फुलांच्या माळा, मांडी घातलेली, डोक्याला टोपी. दर वर्षी पाटावर बसायचास तसाच तू बसला होतास. माझा हात आपोआप ताट शोधायला लागला.

मग गौराक्का आली. दारापासून रडत आली. जवळ आली आणि एकदम थांबली. "टोपी वाकडी कुणी घातली?" सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तिनं पदरानं डोळे पुसले, टोपी सरळ केली, मागं सरकून बघितलं, परत जरा डावीकडं केली. आणि म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा येवढा येळ एका जागी बसलाय." कुणीतरी हसलं. मग मी हसले. मग वहिनी हसली, आणि मग आम्ही तिघी अशा रडलो की जंगमस्वामींना जरा थांबावं लागलं.

तुला एक सांगायचं राहिलं, अण्णा. त्या दिवशी चंद्र बुडाला होता की नव्हता, याचं मला कधीच काही नव्हतं. तू मध्ये उभा राहिलास हे बरं झालं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर भांडण संपलं असतं, आणि तुला भांडायला दुसरं कारण शोधत बसावं लागलं असतं.

वहिनीला तुझ्या मुलानं काही महिन्यांसाठी पुण्याला नेलंय. घराला कुलूप आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी गौराक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "मंगल, सोलापुरात आता मी कुटं उतरू?"

"माझ्याकडं," मी म्हटलं.

ती भाऊबीजेला आली. ना रांगोळी, ना ताट, ना गोडधोड. सण नव्हताच. तरी तिनं आल्या आल्या माझी मिसळणाची फळी आवरायला घेतली. मिरची हळदीच्या जागी गेली आणि हळद कुठं गेली हे मला अजून सापडलेलं नाही. माझी शेंगाचटणी बोटावर घेतली आणि विचारलं, "ही मिक्सरमधली?" मी हो म्हटलं. तिनं ह्यांच्याकडं असं बघितलं, की एवढी वर्षं हे कसे जगले. मग आंघोळीला गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल.

"धूर गेला डोळ्यांत," म्हणाली.

"अक्का, बाथरूममध्ये धूर?"

"तुमच्या सोलापुरात कुटंबी आसतो धूर."

दोन दिवस राहिली. आम्ही तुझ्याविषयी बोललो, तुझी नक्कल केली, तुझ्यावर चिडलो. तू आम्हाला एकाच गोष्टीच्या दोन वेगवेगळ्या हकिकती सांगितल्या होत्यास, अशा कितीतरी निघाल्या. हे मध्येमध्ये येऊन तिसरी सांगायचे.

काल तिला स्टँडवर सोडायला गेले. तिला खिडकी मिळाली. मी खाली उभी. बस सुटायला वेळ होता. मग ती खिडकीच्या चौकटीकडं बघत म्हणाली, "पंचमीला आता कोण येतंय न्यायला."

"मी येते."

"तू?" तिनं माझ्याकडं बघितलं. "बाईमाणूस? न्यायला भाऊ येत आसतो, मंगल."

"मग बस वाट बघत."

तिनं पदर सारखा केला, पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. ड्रायव्हर चढला, बस मागं घ्यायला लागला. मी बाजूला झाले. तेव्हा तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सकाळच्या गाडीनं ये! दुपारची लई रखडती!"

तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं काहीतरी विचारलं. काय ते मला ऐकू आलं नाही. पण गौराक्काला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून ती बोलते मोठ्यानं.

"धाकटी बहीण हाय माझी," ती म्हणाली. "पंचमीला येणार हाय मला न्याया."

अख्ख्या स्टँडनं ऐकलं, अण्णा.